आय५-४५९०, एच८१ बोर्ड, बजेट बारा हजार: कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?

मागावरचा_गेमर

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या लूमच्या ऑफिसात २०१४ साली घेतलेला कॉम्प्युटर होता, त्यावर फक्त बिलं आणि जीएसटीचं काम चालायचं, आता त्यांनी लॅपटॉप घेतला आणि हा मला दिला. आय५-४५९० प्रोसेसर, गिगाबाईटचा एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ ची एकच स्टिक, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. मॉनिटर साडेअठरा इंची आहे, १३६६ बाय ७६८ वाला, त्याला फक्त व्हीजीए केबल लागते. कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आलेला तोच अजून आहे, त्यावर ४५० वॅट लिहिलंय.

सध्या कार्ड नाहीच, प्रोसेसरमधल्याच इंटेल एचडी ४६०० ग्राफिक्सवर चालवतोय. व्हॅलोरंट चालतो पण स्मोक (धुराचे बॉम्ब) पडले की अडकतो. जीटीए ५ सगळं लो करून कसाबसा. मला हे दोन नीट चालायला पाहिजेत आणि जमलं तर रेड डेड रिडेम्प्शन २ एकदा पूर्ण खेळायचाय, लई दिवसांची इच्छा आहे.

सुट्टीत कामाला जाऊन बारा हजार साठवलेत, त्याच्या वर एक रुपया जाणार नाही. एका दुकानदाराने वापरलेलं आरएक्स ५८० ८ जीबी साडेसहा हजारात सांगितलंय, वॉरंटी नाही. दुसरा म्हणतो नवीन आरएक्स ६५०० एक्सटी घे, नवीन पिढीचं आहे आणि वॉरंटी मिळेल. मित्र म्हणतो १०५० टीआय घे, एसएमपीएस बदलावा लागत नाही. तिघं तीन गोष्टी सांगतात. काय करू?

भावा_एफपीएस

भावा सरळ जीटीएक्स १६५० घे वापरलेलं, बऱ्याच मॉडेलला वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमध्ये बसवलं की चालू. माझ्याकडे ४थ्या जनरेशनच्या आय५ वरच होतं, जीटीए ५ हायवर मस्त पळायचा.

रात्रपाळी_रिपेअर

थांब जरा, कार्डाचं नाव ठरवायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघून घे. मी हेच काम करतो, सांगलीत, आणि आमच्याकडे येणाऱ्या जळालेल्या जुन्या मशीनमध्ये बऱ्याच वेळा कहाणी एकच असते, कार्ड चांगलं घेतलं आणि एसएमपीएस तोच ठेवला.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर जो ४५० चा आकडा असतो त्यावर जाऊ नकोस. बाजूचं झाकण उघड, एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असेल, त्यात +१२ व्ही असं लिहिलेल्या रकान्याखाली अँपिअर किती आहेत ते बघ. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच जगतात. अँपिअरला १२ ने गुणलंस की खरे वॅट कळतील. तो आकडा इथे टाक, मग बोलू.

आता ६५०० एक्सटीचं. दुकानदार नवीन पिढीचं म्हणतो ते खरंच आहे, जानेवारी २०२२ चं कार्ड आहे, पण तुझ्या बोर्डला ते घेऊ नकोस. हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी फक्त ४ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, बाकीच्या १२ रिकाम्या. पीसीआयई (म्हणजे हा कार्डाचा स्लॉट) ४.० पिढीचा असेल तर त्या ४ लेनमधून सेकंदाला ८ जीबीच्या आसपास डेटा जातो म्हणून तिथे भागतं. तुझा एच८१ बोर्ड. एच८१ वर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयई २.० वरच अडकवलेला असतो, प्रोसेसरला ३.० येत असलं तरी. २.० च्या ४ लेन म्हणजे सेकंदाला फक्त २ जीबी. कार्डावर मेमरी ४ जीबीच, ती भरली की गेम रॅममधून टेक्श्चर ओढायला लागतो आणि ते ह्या चिंचोळ्या बोळातून यायला लागतं, मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरा दिसतो पण दर थोड्या वेळाने झटका बसतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेमप्ले रेकॉर्ड करायचा म्हटलं की सगळा भार तुझ्या चार कोरवर. १६५०, ५८०, १०५० टीआय ही सगळी १६ लेनवाली कार्डं आहेत, त्यांना २.० वर सेकंदाला ८ जीबी मिळतात, फारसा फरक पडत नाही.

विदर्भ_ओव्हरक्लॉक

भाऊ एक वेगळं मत देतो, राग मानू नको. २०१४ च्या मशीनमध्ये बारा हजार घालणं म्हणजे पैसे वाया. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागते, तुझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बारा हजार बाजूला ठेव, अजून साठव, रायझनचं नवीन मशीन कर.

रात्रपाळी_रिपेअर

@विदर्भ_ओव्हरक्लॉक मुद्दा बरोबर आहे, पण नवीन मशीन बारा हजारात होत नाही आणि पोरगं दोन वर्षं नुसतं साठवत बसणार का? विंडोज १० वर व्हॅलोरंट आजही चालतो. आणि कार्ड, एसएमपीएस, एसएसडी ह्या तिन्ही गोष्टी उद्याच्या नवीन मशीनमध्ये जशाच्या तशा जातात. पैसे वाया जाणार ते फक्त डीडीआर३ रॅमवर आणि ह्या बोर्डात बसणाऱ्या प्रोसेसरवर, तर तिथे हात आखडता घ्यायचा.

आणि ४थी जनरेशन म्हणजे अगदीच टाकाऊ नाही. हॅसवेलला, म्हणजे ह्या ४थ्या जनरेशनला, एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जास्तीच्या सूचना) आहे, ३ऱ्या जनरेशनला नाही, त्यामुळे हल्लीचे काही गेम ३ऱ्यावर उघडतच नाहीत ते ४थ्यावर उघडतात. रेड डेड २ च्या शिफारशीत तर प्रोसेसर आय७-४७७०के च लिहिलाय, तुझ्याच सॉकेटचा, कार्ड १०६० ६ जीबी आणि रॅम १२ जीबी.

मागावरचा_गेमर

दादा उघडून बघितलं. एसएमपीएसवर +१२ व्ही खाली १४ ए लिहिलंय. फक्त तेवढंच, दुसरा १२ चा रकाना नाही. ६ पिन किंवा ८ पिनची कार्डाची केबलपण नाही. दुकानदार म्हणतो हार्डडिस्कच्या केबलवरून कनेक्टर बनवून देतो, शंभर रुपयात.

अजून एक, आत बघून धक्काच बसला. प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा जाड थर बसलाय, एकदम गादीसारखा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नाहीत. ऑफिस मागाच्या शेडला लागूनच होतं त्यामुळे.

रात्रपाळी_रिपेअर

१४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. हे झालं तुझ्या ४५० चं खरं रूप, तेही नवीन असताना, आता दहा वर्षांनंतर कपॅसिटर सुकलेले असणार. तुझा प्रोसेसर ८४ वॅटचा आहे. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट घेतं. दोन्हीची बेरीज २६९. ते शंभर रुपयाचं कनेक्टर अजिबात लावून घेऊ नकोस, हात जोडून सांगतो. हार्डडिस्कची बारीक वायर एवढ्या करंटसाठी नसते, ती गरम होते, प्लॅस्टिक वितळतं, आणि लोकल एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो.

तुझ्या मित्राचं १०५० टीआय किंवा वरच्या भावाने सांगितलेलं १६५०, ही ७५ वॅटची कार्डं, बरीचशी स्लॉटमधूनच पॉवर घेतात हे खरं. पण ८४ आणि ७५ म्हणजे १५९ झाले, वर बोर्ड, हार्डडिस्क, पंखे. १६८ च्या काठावर. एसएमपीएस बदलावाच लागणार, कुठलंही कार्ड घेतलंस तरी. चांगल्या कंपनीचा ४५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवणारा दर्जा), तीन हजारांच्या आसपास बसतो आणि काही वर्षांची वॉरंटी असते. हा खर्च धरूनच उरलेले नऊ हजार कार्डाला आहेत असं समज. नवीन एसएमपीएसला प्रोसेसरची केबल ४ अधिक ४ अशी दोन तुकड्यांत येते, तुझ्या बोर्डवर ४ चंच सॉकेट असेल तर अर्धी लाव, बाकी अर्धी मोकळी सोडली तरी चालते.

तो कापूस आजच काढ. कारखान्यात माग साफ करायचा कॉम्प्रेसर असेलच, पण आधी त्याचं पाणी काढून टाक, लांबून हवा मार, आणि पंखा बोटाने धरून ठेव, हवेने सुसाट फिरला तर बेअरिंग जातं. मग कूलर काढून जुनी पेस्ट पुसून नवीन लाव. चारही पिना नीट टक् वाजेपर्यंत बसल्या पाहिजेत, एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूने उचलला जातो. स्मोक पडल्यावर जे अडकतंय त्यातलं थोडं ह्या कापसामुळेपण असेल, प्रोसेसर तापला की आपोआप वेग कमी करतो.

डीडीआर३_जिंदाबाद

कोणी रॅमबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितोय. तुझी ८ ची एकच स्टिक आहे म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला एकच वाट. एचडी ४६०० ला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं, त्यामुळे दुसरी ८ ची लावलीस की बँडविड्थ दुप्पट होते आणि कार्ड यायच्या आधीच फरक दिसेल. एच८१ ला दोनच स्लॉट आणि १६ हीच मर्यादा, म्हणजे ह्या बोर्डचं रॅमचं काम तिथेच पूर्ण. वापरलेली डीडीआर३ १६०० स्वस्तात मिळते, नवीन घेऊ नको. रेड डेड २ ला १२ ची शिफारस आहे त्यामुळे ही लागणारच आहे. आणि त्या गेमला डिस्कवर १५० जीबी जागा लागते हेपण लक्षात घे.

भावा_एफपीएस

एसएमपीएस बदलणारच असेल तर मी माझं मत बदलतो. साधं १६५० घेण्यात मजा फक्त केबल लागत नाही म्हणूनच होती. ६ पिन मिळत असेल तर १६५० सुपर बघ, १०० वॅटचं आहे, साध्या १६५० पेक्षा बरंच पुढे आहे, किमतीत फार अंतर नसतं. १६६० सुपर १२५ वॅट, ६ जीबी, ते तर अजून भारी पण तुझ्या नऊ हजारात बसेल का बघावं लागेल. आणि ५८० च्या नादाला लागू नको असं मी म्हणणार नाही, ८ जीबी मेमरी आहे बाबा, पण ते कुठून आलंय ते बघ.

हॅशरेट_सोडला

५८० बद्दल मी सांगतो कारण मी स्वतः मायनिंगला (क्रिप्टो नाणी मिळवायला) ही कार्डं वापरलीत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि सगळी कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं नाही, पण बऱ्याच जणांनी त्यातलं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेलं असतं, मेमरीचे टायमिंग घट्ट करून. गेममध्ये मग स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात नाहीतर ड्रायव्हर टाकला की काळा पडदा. काही मॉडेलवर बाजूला छोटा स्विच असतो, दोन बायोसचा, तो सरकवून मूळ बायोस मिळतं, पण सगळ्यांवर नसतो.

दुसरं म्हणजे ५८० च्या नावाखाली जे मिळतं त्यात बरीच २०४८एसपी वाली असतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे कोर) असतात. २०४८ म्हणजे आतून ५७० च. ते वाईट कार्ड नाही, पण मग पैसे ५७० चे द्यायचे. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊन जा, इन्स्टॉल करावं लागत नाही. शेडर्सच्या रकान्यात आकडा दिसतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं नाव खोटं असेल तर नावाच्या आधी फेक असं लिहून येतं.

१०५० टीआय घेणाऱ्यांनीपण हे बघा. जुनी जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय घेऊन त्यात १०५० टीआयचं बायोस घालून विकतात. ओळखायची सोपी खूण मागच्या बाजूला: १०५० टीआयच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला की संशय घ्यायचा.

चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) दहा-पंधरा मिनिटं, मग एखादा खरा गेम. पंखे एकदम शांत असतील आणि तापमान चढतच असेल तर पंखा गेलाय. कार्ड उभं धरून मागच्या पट्टीच्या स्क्रूवरचा रंग बघा, उघडलेलं असेल तर खरचटलेलं दिसतं, आणि पेस्ट बदलायला उघडलं असेल तर ते उलट चांगलंच, पण विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलं पाहिजे.

मागावरचा_गेमर

व्हीजीए वरून आठवलं, माझा मॉनिटर तर फक्त व्हीजीएवाला आहे! मग ह्यातलं कुठलंच कार्ड लागणार नाही का?

रात्रपाळी_रिपेअर

लागेल. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घे, आत चिप असलेला, ज्याला ॲक्टिव्ह म्हणतात. डीव्हीआयमध्ये घालायचं जे नुसतं प्लॅस्टिकचं टोपण मिळतं ते ह्या कार्डांवर चालत नाही, त्यात सिग्नल बदलायला काही नसतंच. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नाही. कार्ड बसवून केबल जुन्याच जागी ठेवणारे आठवड्याला एक तरी येतात आणि म्हणतात फरकच पडला नाही.

मॉनिटरमुळे एक चांगली गोष्टपण झालीय. १३६६ बाय ७६८ म्हणजे फुल एचडीच्या निम्मे पिक्सेल. तुझ्या स्क्रीनवर साध्या १६५० लापण काम निम्मं आहे. उलट जास्त ताकदीचं कार्ड घेतलंस तर ते रिकामं बसेल आणि चार कोरचा प्रोसेसर धापा टाकेल, व्हॅलोरंटमध्ये तर सगळा खेळ प्रोसेसरचाच आहे. मॉनिटर लवकर बदलणार नसशील तर १६६० सुपरच्या मागे धावू नकोस. बदलणार असशील तर १६५० सुपर.

लाइट कशी आहे तुझ्याकडे? यूपीएस आहे का?

मागावरचा_गेमर

६०० व्हीएचा आहे दादा, बॅटरी गेल्या वर्षी बदललीय. लाइट जाते अधूनमधून, आणि शेजारच्या शेडमध्ये माग चालू झाले की ट्यूबलाइट मिचमिचते. मॉनिटर तर निदान वर्षभर बदलत नाही.

रात्रपाळी_रिपेअर

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. १६५० किंवा सुपर दोन्हीसकट मशीन आणि मॉनिटर आरामात चालेल. ५८० घेतलंस तर गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस ओरडत बंद पडायची शक्यता आहे, बॅटरी जुनी झाली की जास्तच. आणि व्होल्टेज असं हलत असेल तर चांगला एसएमपीएस घेण्याचं ते अजून एक कारण आहे.

विदर्भ_ओव्हरक्लॉक

ठीक आहे, नवीन मशीनचं मी मागे घेतो, पण एक ड्रायव्हरचं सांगतो ते ऐक. १०५० टीआय आणि १०६० ही पास्कलची (एनव्हिडियाची जुनी पिढी) कार्डं, एनव्हिडियाने त्यांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलेत, आता फक्त सुरक्षेचे अपडेट तीन-तीन महिन्यांनी, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. एएमडीने ५७०-५८० ला २०२३ मध्येच जुन्या कार्डांच्या वेगळ्या ड्रायव्हरवर टाकलं. १६५०, १६५० सुपर, १६६० सुपर ही ट्युरिंग (पास्कलनंतरची पिढी), ती चालू आहेत. जुने गेम खेळायला काही फरक पडणार नाही, जीटीए आणि रेड डेड आहेत तसे चालतील, पण तू हे कार्ड दोन-तीन वर्षांनी नवीन मशीनमध्ये नेणार असशील तर ट्युरिंगच घे. ह्या एका कारणासाठी मी ५८० नको म्हणेन, वॅटचं सोड.

आणि कोणी इंटेलचं आर्क ए३८० सुचवलं तर नाही म्हण. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, तुझ्या बोर्डात ते नाही, त्याशिवाय एफपीएस फार पडतो.

मागावरचा_गेमर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. काल रात्री कापूस काढला, पेस्ट लावली. कूलरची एक पिन बसत नव्हती, बोर्ड बाहेर काढून मागून बघितलं तेव्हा कळलं, मग बसली. गेममध्ये आधी प्रोसेसर ९५ च्या पुढे जात होता तो आता ७० च्या आत आहे. फक्त एवढ्यानेच व्हॅलोरंट पहिल्यापेक्षा बरा चालतोय.

आता असं ठरवलंय: ह्या आठवड्यात एसएमपीएस आणि वापरलेली ८ जीबी रॅम. मग उरलेल्यात १६५० किंवा १६५० सुपर, जे चालवून बघायला मिळेल ते. दुकानात जीपीयू-झेडचा पेनड्राइव्ह घेऊनच जाणार. पैसे उरले तर छोटी एसएसडी, नाहीतर पुढच्या सुट्टीत. कोल्हापुरात एकाकडे १६५० सुपर आहे, दोन पंख्यांचं, बिल आहे म्हणतो. अजून काही बघायचं राहिलंय का?

रात्रपाळी_रिपेअर

बिलावरचा आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघ, जुळला तर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी उरलीय का तेही कळेल. आणि निघायच्या आधी टेप घेऊन कॅबिनेटमध्ये मोज, मागच्या पट्टीपासून समोरच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. ऑफिसच्या छोट्या कॅबिनेटमध्ये दोन पंख्यांचं कार्ड नेमकं त्या पिंजऱ्याला अडतं. अडत असेल तर हार्डडिस्क एक खण खाली सरकव, पिंजरा कापायला जाऊ नकोस. ६ पिनची केबल वरून येते तिला वळायलापण बोटभर जागा लागते, ती धरून मोज.

डीडीआर३_जिंदाबाद

रॅम घेताना १.५ व्होल्टवाली की १.३५ वाली ह्याचं टेन्शन घेऊ नको, तुझ्या बोर्डवर दोन्ही चालतात. फक्त लॅपटॉपची छोटी स्टिक डोळे झाकून उचलू नको, ओएलएक्सवर फोटोत मोठी दिसते.

मागावरचा_गेमर

मोजलं. २६ सेंटीमीटर आहे पिंजऱ्यापर्यंत. त्याला फोन करून कार्डाची लांबी विचारली, तो म्हणतो २० च्या आसपास. रविवारी जातो.